तिसऱ्या मजल्यावरची बाई

"ही बाई कोण?" हातातल्या फोटोवर बोट ठेवत मी विचारलं.

"तेच विचारायला आलोय," दारात उभा असलेला नवा फोटोग्राफर म्हणाला. "फोटो काढताना मला ती दिसलीच नाही हो... घरी पडद्यावर दिसली."

आमच्या साप्ताहिकात छापण्याआधी प्रत्येक फोटो माझ्या टेबलावरून जातो. तो खरा आहे का, कुठे काही कापलंय का, छापल्यावर त्यातल्या माणसाला त्रास होईल का, हे सगळं बघून मगच मी सही करते. म्हणून ऑफिसात मला सगळे चाळणी म्हणतात. आई तर म्हणते, स्थळाचा फोटो आला तरी ही बया आधी सावल्या तपासते!

त्याने पाचही फोटो ओळीने मांडले. शहराच्या टोकाला बंद पडलेलं प्रसूतिगृह, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी. पहिल्या फोटोत आतल्या अंधारात नुसती फिकट रेघ. दुसऱ्यात त्या रेघेची बाई झाली होती. मग ती जवळ... आणखी जवळ... आणि शेवटच्या फोटोत तिचे दोन्ही तळवे काचेला चिकटलेले, तोंड अर्धवट उघडं. ती थेट माझ्याकडेच बघत होती. मी नकळत खुर्ची मागे सरकवली.

"घाबरलात?"

"मी? छे! वारा येतोय, खिडकी लावा जरा."

"लावलेलीच आहे," तो म्हणाला आणि हसला मेला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक होत होता. कामाच्या वेळी असलं काही टिपायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

संपादक तर फोटोंवर लट्टू झाले होते. 'ती येतेय...' असा मथळाही त्यांनी ठरवून टाकला होता. मुखपृष्ठावर हे फोटो गेले की याची नोकरी कायम. फक्त माझी सही तेवढी बाकी होती.

मी भिंग घेऊन बसले. जोडकाम कुठेही नव्हतं, बाई खरीच होती. पण काहीतरी खटकत होतं. मी पुन्हा पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"हे या क्रमाने कुणी लावले?"

"मीच. कॅमेऱ्यातलं घड्याळ बंद पडलंय आणि उतरवून घेताना सगळी सरमिसळ झाली. मग जसे दिसले तसे लावले."

"दिसले तसे, की वाटले तसे?"

तो पुन्हा फोटो बघू लागला.

"समोरच्या पाण्याच्या टाकीची सावली बघा. दुपारनंतर काढलेत ना? ऊन कलतं तशी ती भिंतीवर वर चढत जाते. तुमच्या शेवटच्या फोटोत ती पहिल्या मजल्यावर आहे. आणि पहिल्या फोटोत?"

तो खाली वाकला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला... आणि दोघांनाही तो बाजूला घ्यायचं सुचलं नाही.

"तिसऱ्या," तो हळूच म्हणाला.

मी फोटो उलटे लावले. आता बाई आधी काचेशी उभी होती, बाहेर बघत. मग तिला कॅमेरा दिसला असावा. कारण मग ती मागे... आणखी मागे... आणि शेवटी अंधारात नुसती फिकट रेघ.

"ती येत नव्हती," तो म्हणाला. "ती मला घाबरून मागे जात होती. आणि मी घाबरलो, म्हणून मी तिला जवळ आणत गेलो."

फोटोग्राफर पुष्कळ पाहिलेत मी. आपलं चुकलं असं माझ्या टेबलाशी उभं राहून म्हणणारा हा पहिलाच. मला तो तिथेच आवडला, उगाच खोटं कशाला बोलू?

ती कोण आणि कशाला घाबरली ते बघायला दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथे गेलो. जिन्यात धुळीचा थर होता. पहिल्या मजल्यावर तान्ह्या बाळांचे रिकामे पाळणे भिंतीकडे तोंड करून उभे होते, जणू कुणीतरी त्यांना शिक्षा केली होती. दुसऱ्या मजल्यावर साबणाचा वास आला. तिसऱ्यावर फरशीवर अनवाणी पावलांचे ओले ठसे होते, एका बंद दारापर्यंत गेलेले.

त्याने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने ते साखळीपुरतं उघडलं. फटीत एक डोळा.

"त्याने पाठवलं?" आतून आवाज आला.

"कुणी? आम्ही साप्ताहिकातले, त्या फोटोंचं विचारायला आलोय," मी म्हणाले.

"माझ्या नवऱ्याने." श्वास लागल्यासारखं ती बोलत होती. "इथे आया होते मी. किल्ली राहिली माझ्याकडे. गेल्या वेळी त्याने गळा धरला, तेव्हा पळून आले. फोटो छापलात तर तो दुसऱ्याच दिवशी इथे येईल..."

फोटोग्राफरने गळ्यातला कॅमेरा काढला आणि फटीतून आत दिला.

"मावशी, ते फोटो यातच आहेत. तुम्हीच पुसा. हे कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतंय ना, ते बटण."

एका हाडकुळ्या हाताने कॅमेरा आत ओढला. दार मिटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. खालच्या मजल्यावर एक पाळणा कुरकुरला, मग थांबला. वाऱ्याचं नाव नव्हतं.

"ऑफिसातले फोटो?" त्याने कुजबुजत विचारलं.

"सकाळीच पुसले. सही करणार नाही, हेही सांगून आले. संपादक तुमच्या नावाने बोटं मोडतायत. नोकरी गेली तुमची."

"जाऊ दे."

"आणि कॅमेरा परत आला नाही तर?"

"तोही जाऊ दे... तुम्ही आहात ना इथे?"

उत्तर देणार, तेवढ्यात दार जरासं उघडलं. आत खट् असा आवाज झाला. मी दचकले. पण कॅमेरा फटीतून बाहेर आला.

"मावशी," मी म्हणाले, "माझी ताई वकील आहे. अशाच बायकांचे खटले लढवते. तिला आणू का?"

डोळा बराच वेळ मला निरखत राहिला.

"उद्या आण. तिला एकटीलाच." दार लागलं.

जिन्यात उजेडाला येऊन आम्ही कॅमेरा चालू केला. त्याचे सगळे फोटो गेले होते. फक्त एक होता, दाराच्या फटीतून काढलेला, तिरका. अंधाऱ्या बोळात दोन माणसं उभी, आणि मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरलेला. कधी धरला, देव जाणे!

सवयीने मी सावल्या तपासल्या, कडा तपासल्या. काही जोडलेलं नव्हतं, काही कापलेलं नव्हतं. त्याच्याकडे बघणारा तो माझा चेहरा मी आजवर कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता.

"आपल्याला न विचारता काढलाय," तो गंभीरपणे म्हणाला. बोट बटणावर होतं. "नियमाप्रमाणे... पुसू?"

"हात तर लावून बघ!" मी म्हणाले.