शेकरूची उडी

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या शाळेत संजना इंजेक्शनची पेटी घेऊन शिरली आणि बघता बघता चौथीचा वर्ग रिकामा! कोण बाकाखाली, कोण भिंतीवरून पार. ठमी तर थेट अंगणातल्या आंब्यावर.

"आमी नाय टोचून घेनार! जा तू!"

पळसदरीहून स्कूटी दामटत आलेली ही नवी आरोग्यसेविका कपाळाला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ठमे, काल शेकरू कुठवर आलं होतं गं?"

वर पानं हलली. "रस्त्यापाशी."

"मग खाली ये. पुढचं सांगतो."

झालं! सगळी पोरं गोळा. "पहिला मान माझा," म्हणत साईनाथ सरांनी स्वतःचीच बाही वर सारली. सुई दिसताच मात्र डोळे गच्च मिटले.

"सर घाबरले!" पोरं खिदळली. संजनाही हसली, आणि तिथंच घोटाळा झाला. घाबरट माणसानं इतकं गोड दिसू नये, खरं तर!

मग सर गोष्ट सांगत राहिले आणि ती एकेक दंड उरकत राहिली. रस्ता रुंद करायला मधली झाडं तोडलेली. शेकरू या बाजूला, त्याची सोबतीण त्या बाजूला. जमिनीवर उतरायची त्याला भीती, आणि एवढी लांब उडी त्यानं जन्मात मारलेली नाही...

निघताना तिनं विचारलं, "मारली का हो उडी त्यानं?"

"ते... अजून ठरलं नाही."

"गोष्ट तुमचीच ना?"

"माझीच. पण शेकरू माझं ऐकत नाही, सिस्टर."

"म्हणजे मला परत यावं लागणार."

"यावंच लागेल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आली की! कधी लोहाच्या गोळ्यांचं निमित्त, कधी जंताच्या. तो तिला रानात न्यायचा. धनेशाची ढोली, उदमांजराची वाट दाखवायचा. सगळ्यांच्या गोष्टी त्याच्या वहीत होत्या, आणि पुण्याचा एक प्रकाशक त्यांचं पुस्तक काढणार होता. एकदा लेण्यांच्या वाटेवर पावसाची सर आली. छत्री एकच. तिच्या केसांत अडकलेलं ओलं पान काढायला त्यानं हात उचलला... आणि हात तसाच अधांतरी.

"काढ की," ती म्हणाली. "का पानालाही विचारायचंय?"

त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं.

दिवाळीआधी तिनं विचारलं, "घरी सांगितलंस?"

सांगणं सोपं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या घरात बुद्धाची तसबीर, त्याच्या देव्हाऱ्यात खंडोबा. आणि तिच्या माणसांच्या वस्तीत त्याच्या आईनं आजवर पाण्याचा घोट घेतलेला नव्हता.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "तुझ्या आबांना भेटायला. नक्की."

रविवारी आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. सकाळीच कर्जतला जाऊन गरम वडे आणले. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता मेसेज आला : 'आईनं जेवण सोडलंय. थोडं थांबशील?'

'किती?' तिनं विचारलं.

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आलं नाही.

"गाडी चुकली असंल त्यांची," आबा म्हणाले आणि गार झालेले वडे झाकून ठेवले. तिला आबांचीच दया आली, आणि साईनाथचा असा राग आला की विचारू नका.

माघात त्याचा साखरपुडा झाला, खालापूरच्या मुलीशी. संजनानं कोंडाण्याची फेरी मैत्रिणीच्या गळ्यात मारली. पण जूनमध्ये मैत्रीण रजेवर गेली, आणि पहिलीच्या पोरांना टोचायला हिलाच जावं लागलं.

आता पाचवीत गेलेली ठमी धावतच आली. हातात कोरं करकरीत पुस्तक.

"बाई, शेकरूनं उडी मारली! हे बघ!"

शेवटच्या पानावर खाली रस्ता, वर हवेत शेकरू, आणि पलीकडच्या फांदीवर वाट बघणारी सोबतीण. संजनानं मान वर केली. दारात साईनाथ उभा होता.

"शेवट तुझ्यासाठी लिहिला," तो हळूच म्हणाला.

"शेकरूला कशाला राबवलंस? उडी तू मारायची होतीस."

"संजना... आईनं—"

"सुईला डोळे मिटलेस ना, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. हसत काय बसले!"

तो खाली बघत राहिला.

ठमीनं तिची ओढणी ओढली. "बाई, खरंच मारतं का गं एवढी उडी?"

"मारतं गं. शेकरू मारतं."

तिनं पेटी उघडली. सुई बघून पहिलीच्या पोरांनी एकच भोकाड पसरलं. आज गोष्ट सांगायला कुणी पुढं आलं नाही. ती एकेक दंड धरत गेली, "झालं हं, झालं," म्हणत गेली. पोरं रडत होती तेच बरं. त्या गलक्यात तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.