पायरीवरच्या बायका

वन्सं गेल्या होत्या तारेचं भेंडोळं आणायला, आणि आल्या जुन्या फोटोंच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन. वहिनीला नवल वाटलं नाही. मीठ आणायला पाठवलं तर मीठ विसरून मीठदाणी आणणारी नणंद ती. वहिनीचा नवरा गेल्यापासून दोघीच एकमेकींना उरल्या होत्या. चौकातलं फुलांचं दुकान दोघींनी मिळून उभं केलं होतं, आणि त्यावर घर बरं चाललं होतं.

"अहो वहिनी, बघा तर! आपलाच चौक!"

खरंच होता. तोच घड्याळाचा मनोरा, तीच दगडी फरसबंदी. आणि त्यांच्याच दुकानाच्या लांबट पायरीवर टोपल्या घेऊन बसलेल्या फुलवाल्या, खांद्याला खांदा भिडवून. दुकानाच्या जागी तेव्हा नुसती बिनखिडकीची भिंत होती. कार्डं हातानं रंगवलेली. फुलं गुलाबी, पिवळी. चेहरे मात्र रंगवणाऱ्यानं राखाडीच ठेवलेले. एका कार्डात ऊन, दुसऱ्यात धुकं, बायका त्याच.

"फोटो काढणाऱ्याकडे एकीनंही बघितलेलं नाही," वहिनी म्हणाली. "सगळ्या मान वळवून मागं बघतायत. भिंतीकडे."

"भिंतीत कोणी देखणा असेल!" वन्सं हसल्या, आणि गिऱ्हाइकांना गंमत वाटेल म्हणून दुकानाच्या काचेत दोरी बांधून त्यांनी सगळी कार्डं टांगली.

त्यानंतर गिऱ्हाईक तुटायला लागलं. आधी अनोळखी माणसं येईनाशी झाली, मग ओळखीची. दुकानात वास भरून राहू लागला, देठ कुजल्याचा, हिरवट, घशाशी येणारा. बादल्यांतलं पाणी सकाळी बदलावं, तर दुपारी त्यावर तवंग. फुलांच्या माना मोडलेल्या सापडत. सुकून नव्हे; कोणीतरी मुद्दाम पिरगाळल्यासारख्या.

नेमानं फुलं नेणाऱ्या शाळेतल्या बाई एके दुपारी समोरच्या कडेनं, भिंतीला घासून निघालेल्या दिसल्या. वहिनीनं धावत जाऊन गाठलं.

"विसरलात का हो आम्हाला?"

"तुमच्या पायरीवरच्या त्या बायकांना आवरा आधी," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "काय घाणेरड्या शिव्या देतात! परवा एकीनं हात धरला माझा. म्हणाली, आत पाय ठेवलास तर मोडीन."

त्यांनी बाही वर केली. मनगटावर काळीनिळी बोटं उमटली होती.

वहिनीनं वळून बघितलं. उन्हात पायरी लख्ख मोकळी होती.

"कुठल्या बायका?"

"अहो, त्या काय... बसल्यात की ओळीनं." बाईंचा आवाज चिरका झाला. "आता तर तुमच्याकडेच बघतायत..." आणि त्या लगबगीनं निघून गेल्या.

वहिनी परतली ती तडक काचेशी. एकेक कार्ड ओढून काढलं, मागच्या खोलीत नेलं आणि शेगडीत कोंबलं. कार्डं कोरडी ठणठणीत होती, तरी ओल्या लाकडासारखी फसफसत, धुमसत जळली. शेवटचं राख होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

मग तिच्या ध्यानात आलं, की दुकानात फार शांत आहे. वन्सं एवढा वेळ गप्प? त्या तर औषध घेतानाही बोलायच्या थांबत नसत.

"वन्सं?"

बाहेरून कुजबुज आली. "हो... सरकते... सरकते ना..."

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. गुडघे पोटाशी, हात अंगाशी आवळलेले, खांदे पार आत आलेले. भर गर्दीत कोणी कोंबून बसवावं तशा. पायरीवर दुसरं कोणीही नव्हतं.

"उठा. आत चला."

"उठता येत नाही, वहिनी..." श्वास तुटत होता. "दोन्हीकडून दाबतायत..."

वहिनीनं त्यांच्या दंडाला धरून ओढलं, आणि तिला दिसलं. दंडाचं मांस बाहेरून चपटं होत होतं, काचेवर तळवा दाबावा तसं. वन्संचे ओठ निळे पडत चालले होते. माणसं येत-जात होती. मात्र पायरीपाशी आली की जरा लांबून वळसा घेत होती.

वहिनी आत धावली. एकेक बादली उचलून आणली आणि पायरीवर उपडी केली. गुलाब, लिली, शेवंती, सगळं.

"घ्या! ही घ्या फुलं, ही घ्या जागा! मोडलं दुकान! पुन्हा फूल विकलं तर हात झडतील माझे. सोडा वन्संना!"

तिनं दुकानाचं दार धाडकन ओढून कडी घातली. त्याच क्षणी वन्सं एका अंगावर कोसळल्या आणि पोटातून श्वास ओढून रडायला लागल्या.

वहिनीनं शब्द पाळला. दुकानाची जागा एका घड्याळजीनं घेतली. त्याचं उत्तम चाललंय. पायरीवरून माणसं बिनघोर चढतात-उतरतात. दोघी नणंद-भावजया शहराच्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करतात. वन्संच्या छातीचा पिंजरा डॉक्टरांनी बांधून दिला, तो सांधलाही. पुन्हा हसायला लागल्या.

फक्त दुपारी त्या आडव्या होतात, तेव्हा त्या भल्या रुंद पलंगाच्या बरोबर मध्यावर, काठीसारख्या सरळ, हात अंगाशी घट्ट धरून झोपतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना गादी खोल दबलेली असते. वहिनी एकदा चादर बदलायला गेली, तर त्या खळग्यांत चादर ओलीगच्च लागली.

न राहवून ती म्हणाली, "वन्सं, एवढा पलंग आहे. जरा ऐसपैस झोपा की."

वन्संनी मान हलवली नाही. नुसते डोळे आधी एका बाजूला गेले, मग दुसऱ्या.

"कुठं?" त्या म्हणाल्या.