आकाशवय

रेवदंड्याच्या खाडीवर दुपारचं धुरकट ऊन पसरलं की मृत्तिका प्रयोगशाळेच्या उंच काचांतून एक सुस्त, निळसर उजेड आत यायचा. त्या उजेडात टेबलावरच्या वस्तूंना वजनच नाही असं वाटायचं. आज तिथे एकच वस्तू होती. हातभर उंचीची, पांढरी, फुगीर पोटाची चिनी बरणी. पोटावर निळ्या रंगात दोन मासे शेवाळातून एकमेकांकडे निघालेले होते.

"बसा ना, बाई," डॉ. वारुणी चेऊलकर म्हणाली.

"उभीच बरी आहे." हन्ना कोर्लेकर शहात्तर वर्षांच्या होत्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. "सांगा काय ते."

वारुणीला ते सांगायचं नव्हतं. हन्नाबाईंचे वडील रूबेन कोर्लेकर इथल्या जुन्या संग्रहालयाचे रखवालदार होते. त्रेसष्ट वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका जाणकाराने ही बरणी नुसत्या नजरेने पाहिली आणि नकली ठरवली. बरणी पाचशे वर्षं जुनी असल्याची नोंद होती आणि संग्रहालयाच्या किल्ल्या रूबेनकडे असत. खरी विकून त्यांनी तिच्या जागी खोटी ठेवली, असं सगळ्यांनी धरलं. पुरावा नव्हता, म्हणून तुरुंग टळला. नोकरी मात्र गेली. 'तुमची बरणी तुम्हीच ठेवा' म्हणत ती त्यांच्या हातात देण्यात आली. रूबेन आणखी दहा वर्षं जगले, पण त्या दहा वर्षांत ते बाजारपेठेच्या रस्त्याने कधी गेले नाहीत.

"हिचं आकाशवय चौऱ्याण्णव वर्षं आहे," वारुणी म्हणाली. "पाचशे नाही. चौऱ्याण्णव."

हन्नाबाईंनी टेबलाची कड धरली. "म्हणजे बाबांनी..."

"ते मी सांगू शकत नाही. पण ही बरणी जुनी नाही."

खोलीत तिसरी व्यक्ती होती शेन यालान. ती चीनमधल्या जिंगदेझेनहून महिनाभरासाठी आली होती. तिच्या घराण्यात चार पिढ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची पारख बोटांनी होत आली होती. प्रत्येकीच्या कानात बसवलेला इवलासा दुभाषा तिचं बोलणं मराठीत आणि इतरांचं चिनीत उतरवायचा, एक श्वास उशिरा. त्यामुळे ती झोपेतून बोलतेय असं वाटायचं.

"मी हात लावू?" यालानने विचारलं.

तिने बरणी उपडी केली आणि तळाच्या उघड्या, खरखरीत कडेवरून अंगठा फिरवला. तिथली माती पिकल्या आंब्याच्या सालीसारखी तांबूस होती. मग तिने माशाच्या पाठीवरचे काळपट ठिपके डोळ्यांजवळ नेले.

"निळा रंग इथे लुकणात, वरच्या काचेरी थरात, बुडाला आहे. ठिपक्याच्या जागी खळगा लागतो. नकली ठिपके वरून दिलेले असतात, बोटाला गुळगुळीत लागतात. माझा हात हिला जुनी म्हणतो."

"हात चुकतो," वारुणी म्हणाली. "त्याच चुका टाळायला तर हे यंत्र केलं."

"मग यंत्र काय मोजतं, ते या बाईंनाही कळू दे."

वारुणीने रेषादर्शक सुरू केला. भिंतीवर बरणीची प्रतिमा उमटली. काचेची असल्यासारखी पारदर्शक, आणि तिच्या अंगात केसांहून बारीक, लखलखत्या रेषा. हजारो.

"आकाशातून सतत विश्वकिरण येत असतात," ती हन्नाबाईंना म्हणाली. "तुमच्यातून, माझ्यातून आत्ताही जाताहेत. चिनीमातीतल्या स्फटिकांतून गेले की मागे रेषा राहते. भट्टीत माती वितळायला येते तेव्हा आधीच्या सगळ्या रेषा पुसल्या जातात. त्यानंतर दर वर्षी साधारण तेवढ्याच नव्या पडतात. रेषा मोजल्या की वय कळतं."

हन्नाबाई भिंतीजवळ गेल्या. मग वर्गात एखाद्या पोराचं उत्तर तपासावं तशा म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही वर्षं मोजत नाही. आकाश मोजता."

"एकच झालं ते."

"नाही झालं," यालान हळूच म्हणाली.

 वारुणीच्या हाताशी संमतिपत्र तयार होतं. नकली ठरलेल्या वस्तूचं पीठ करायचं, म्हणजे ती पुन्हा कुणाला फसवणार नाही. हा नियम तिनेच लिहिला होता. आजवर एक्केचाळीस वस्तू तिने अशा दळल्या होत्या, आणि दर वेळी तिला स्वच्छ वाटलं होतं.

"एक दिवस द्या मला," ती अखेर म्हणाली. संमतिपत्र तिने खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारुणी आणि यालान दोघींनी रेषा मोजल्या नाहीत, एकेक करून पाहिल्या. ताज्या रेषांच्या कडा तीक्ष्ण होत्या. त्या बरणीच्या तोंडाच्या बाजूने, आजूबाजूला पसरत आत आल्या होत्या. फडताळात उभ्या असलेल्या भांड्यात अशाच असायला हव्यात. पण त्यांच्या खाली आणखी काही रेषा होत्या. फार थोड्या, आणि जुन्या जखमा भराव्यात तशा कडांनी बुजलेल्या. यंत्राने त्या एकूण मोजणीत मुकाट्याने मिळवल्या होत्या.

"या आडव्या का आहेत?" यालानने विचारलं.

वारुणीने प्रतिमा हळूहळू फिरवली. बरणी कुशीवर निजली, आणि बुजलेल्या सगळ्या रेषा एकदम उभ्या झाल्या. वरून खाली, अगदी सरळ. तिरकी एकही नाही.

वारुणी खुर्चीत बसली. 

"तिरके किरण मधेच अडले," ती म्हणाली. "त्यांना लांबचा रस्ता कापावा लागतो ना. सरळ आले तेवढेच पोचले, तेही शंभरातले दोन-तीन. हिच्यावर काहीतरी जाड होतं. घराचं छप्पर एवढं अडवत नाही."

"पाणी?"

"पाणी, आणि खाली मऊ गाळ. गाळात रुतली म्हणून लुकण झिजलं नाही, शिंपले चिकटले नाहीत."

तिने हिशोब मांडला. इतकं खोल पाणी, इतक्या बुजलेल्या रेषा. उत्तर आलं पाण्याखाली चारशे ऐंशी वर्षं, दहा-वीस इकडे तिकडे; ताज्या रेषांची ऐंशीएक वर्षं बाहेर निघाल्यानंतरची. एक जहाज, चौलच्या बंदराकडे येता येता बुडालेलं. आणि त्यातली ही बरणी, कुशीवर, काळोखात. वर राज्यं आली आणि गेली. हिच्यापर्यंत तेवढे दोन-तीन किरण पोचत राहिले.

हन्नाबाईंना तिने फोन केला नाही, ती त्यांच्या घरी गेली. बाईंनी सगळं ऐकलं, दळण्याच्या नियमासकट. दोन ठिकाणी थांबवून आकडे विचारले. मग उठून आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"बाबा शेवटी शेवटी मला म्हणायचे, हन्ना, माझ्याच्यानं कुठेतरी दार उघडं राहिलं असेल गं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला होता." त्यांनी ओले हात पुसले. "दार बंदच होतं. बंदच होतं त्यांचं."

वारुणीने मान खाली घातली. हन्नाबाईंनीच पुढे विचारलं, "आधीच्या वस्तूंचं काय? तुम्ही दळलेल्या?"

"एक्केचाळीस."

"त्यांचं पीठ असेल ना? ते तपासा."

"पिठात रेषा आहेत, बाई. पण पिठाला वर आणि खाली नसतं. प्रत्येक कण वेगळ्या दिशेला वळलाय. त्यातल्या किती वस्तू समुद्रातून आल्या, ते आता कुठलंच यंत्र सांगू शकणार नाही."

हन्नाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वारुणीला तो असता तर बरं वाटलं असतं.

प्रयोगशाळेत परतून वारुणीने यादी काढली आणि पहिलाच क्रमांक स्पीकरवर लावला. दिवेआगरचे यशवंत पाटणे, निळ्या वेलींची एक बशी, आकाशवय एकसष्ट. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. बशी कदाचित खरी होती. आता ते कळायचा मार्ग नाही. चूक तिची होती.

 फोनमधून लाटा ऐकू येत होत्या.

"खरीच होती ती," पाटणे म्हणाले. "समुद्रातलीच. वडिलांच्या जाळ्यात आली होती, मी होडीत होतो."

वारुणीने विचारलं, "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, काका?"

"तुम्ही यंत्राला विचारलंत, बाई. मला कुणी विचारलंच नाही."

यालान खिडकीशी उभी होती. तिच्या कानातला दुभाषा एक श्वास मागे राहून बोलला, आणि तिने डोळे मिटले.

वारुणीने कोरा कागद पुढे ओढला.

"आता विचारते," ती म्हणाली. "सांगा काका. अगदी पहिल्यापासून."

"त्या दिवशी वारा पडला होता," पाटणे सावकाश सांगू लागले, "पाणी इतकं निवळ, की तळ दिसतोय असं वाटायचं..."