तुमच्या शब्दांत सांगा

श्रीनंदाचं चुकलं एवढंच, की तिला सगळं पहिल्या फटक्यात समजलं.

त्रिशूरच्या इस्पितळात अच्छनच्या, म्हणजे वडिलांच्या, पायाची न भरणारी जखम दाखवायला ती आली, आणि नव्या मलमाच्या चाचणीच्या खोलीत डॉक्टर निधीश भेटला. सावळा, बाह्या दुमडलेला, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. निम्म्यांना नवं मलम, निम्म्यांना नेहमीचं. कुणाला कुठलं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. नको वाटलं तर कधीही सोडता येईल...

"आता हे तुमच्या शब्दांत सांगा," तो म्हणाला. तिथली रीतच ती. रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला सहीआधीच्या दोन्ही भेटींत नीट सांगता आलं, तरच सही.

तिनं घडाघडा सांगितलं. "छान!" म्हणून त्यानं पुढच्यांना बोलावलं. पुढची होती आतिरा, आईला घेऊन आलेली, केसांत मोगरा. श्रीनंदा बाहेर बाकावर बसून बघत राहिली. निधीश तिला चार-चार वेळा समजावत होता, कागदावर चित्रं काढत होता, आणि ती बया खुदुखुदु हसत होती! श्रीनंदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या भेटीत तिनं भाबडा चेहरा केला. "नवं मलम... सगळ्यांनाच मिळतं ना?"

त्यानं पुन्हा समजावलं. चित्रसुद्धा काढलं! तिला गुदगुल्या झाल्या.

"म्हणजे कुणाला कुठलं, ते तुम्हाला माहीत असतं—"

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग अच्छनना चाचणीत घेता येणार नाही. घरच्यांना समजल्याशिवाय मी सही घेत नाही."

"मोळे, पोरी, काय झालं तुला?" अच्छन कळवळले. "माझ्यासारख्या बस कंडक्टरला समजलं, आणि तुला नाही?"

त्यांच्या बांधलेल्या पायाकडे बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"समजलंय मला! सगळं!" ती एकदम बोलून गेली. "त्या आतिराला चार-चार वेळा सांगता, आणि मला लगेच वाटेला लावता... म्हणून!"

अच्छन छताचा पंखा बघू लागले. निधीशचे कान लाल झाले.

"आतिरालाही पहिल्यांदाच समजलं होतं," तो हळूच म्हणाला. "नंतर कबूल केलं तिनं."

म्हणजे तीसुद्धा...! श्रीनंदानं ओठ चावला. तेवढ्यात त्यानं अच्छनचे कागद उचलून शेजारच्या टेबलावर ठेवले.

"यापुढे तुमचं सगळं डॉक्टर आलीसम्मा बघतील. त्यांना खरंखरं सांगा, अच्छनची जागा जात नाही."

"रागावलात?" तिचे डोळे भरून आले.

"नाही. ज्या घरी चहाला यावंसं वाटतं... त्या घरची सही मी घेणं बरं नव्हे."

तिनं डोळे पुसले. मग न राहवून म्हणाली, "आणि आतिराच्या आईचे कागद?"

"ते माझ्याकडेच. तिथं काही अडचण नाही."

अच्छन खोकले, आणि काठी टेकत आलीसम्मांच्या टेबलाकडे निघाले.

"आता," निधीश तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"तुम्ही रविवारी चहाला येणार. अम्मा केळ्याची पळंपोरी तळणार. आणि... यापुढे आतिराला सगळं एकदाच सांगणार. चित्रांशिवाय."

"हे मी कुठं म्हटलं?"

"माझ्या शब्दांत सांगतेय ना!"