काठोकाठ पेला

बाबांनी नाणं दोन नखांत धरलं, कडेवर जोरात फुंकर मारली आणि झटकन कानाशी नेलं... आणि हातात किटली घेऊन शेजारी उभ्या असलेल्या युनशिउचं काळीज धस्स झालं! चांदीची ती लांबत जाणारी बारीक किणकिण उमटलीच नव्हती. नाणं खोटं होतं!

आणि नाणं कुणाचं, तर तिच्या होणाऱ्या सासूचं! थांगबाई आपल्या मुलाला, लीपिंगला, घेऊन मागणी घालायला आल्या होत्या. घराण्याचं जुनं नाणं सुनेला द्यायचं, पण आधी यांगचौ शहरभर नाणेपारखी म्हणून नाव असलेल्या पान उस्तादांच्या, म्हणजे बाबांच्या, कानावरून गेलेलं बरं, म्हणून त्यांनी ते मोठ्या ऐटीत पुढे केलं होतं.

त्या कानात आता काही उरलं नव्हतं, हे फक्त बापलेकीलाच ठाऊक होतं आणि दोघंही ते कधी बोलली नव्हती. समोरच्याचं बोलणं बाबांना कळायचं, नाण्याचा नाद मात्र कधीच हरपला होता. म्हणून नाणं खरं असलं की युनशिउ गिऱ्हाइकाला रीतीप्रमाणे पाऊण पेला चहा ओतायची, आणि खोटं असलं की काठोकाठ! काठोकाठ पेला म्हणजे पाहुण्याला ‘ऊठ, चालू लाग’ म्हणणंच की. बाबा डोळे मिटून ऐकल्याचं सोंग करायचे, हळूच पेल्याकडे बघायचे, निकाल द्यायचे आणि वर खेकसायचेही, "पोरीला वळण म्हणून नाही!" बाबांवरच्या मायेपोटी ते सारं तिनं निमूट सोसलं... गल्लीनं तिचं नाव ‘उतू’ पाडलं, आलेली स्थळं चहा पिऊन परत गेली!

लीपिंग मात्र तिला मनापासून आवडला होता. पाऊण पेला ओतला तर संसार मिळणार होता. पण बाबा खोट्याला खरं म्हणणार, आणि उद्या दुसऱ्या कुणी ते वाजवलं की त्यांचं जन्मभराचं नाव मातीत जाणार! तिनं ओठ घट्ट मिटले, किटली कलती केली... आणि थांगबाईंचा पेला बशीत सांडेपर्यंत भरला.

"अगं बाई!" थांगबाई ताडकन उठल्या. "लोक सांगत होते ते खोटं नाही तर! लीपिंग, ऊठ!"

"आई, चहा जास्त झाला, एवढंच ना? मला लागतोच जास्त," लीपिंग जागचा हलला नाही.

बाबा पेल्याकडे बघत राहिले. आज पोरीनं त्यात काय ओतून टाकलं होतं, ते त्यांना पुरतं उमगलं होतं!

"बसा, विहीणबाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वळण हिला आहे हो, लाज मला नाही! मी बहिरा झालोय. नाणं ही ऐकते, मी नुसता पेला बघतो. माझं नाव राखायला हिनं स्वतःचं घालवलं... आणि मी मेल्यानं घालवू दिलं!"

"बाबा, नका ना..." युनशिउच्या डोळ्यांतून घळाघळा आसवं वाहू लागली.

"म्हणजे... नाणं?" थांगबाईंनी विचारलं.

"खोटं आहे, मावशी."

थांगबाई मटकन खाली बसल्या. आणि मग अशा काही हसत सुटल्या की डोळ्यांना बाही लावावी लागली. "खोटं! अहो, सासूबाईंनी हे माझ्या नाकासमोर नाचवून जन्मभर टोमणे मारले! ‘आमची अस्सल चांदी, तू आलीस पितळ!’ आज म्हातारी असती ना, हा पेला तिलाच पाजला असता!" त्यांनी पेला उचलून गटागट रिकामा केला. "ओत गं पोरी, आणखी ओत! उस्ताद, सून माझी, कान तुमचा. रोज दुपारी पाठवत जाईन!"

बाबांनी पेटीच्या तळातून युनशिउच्या आईचं नाणं काढलं, फुंकर मारली आणि आज पहिल्यांदाच ते स्वतःच्या नाही, लेकीच्या कानाशी धरलं.

"सांग गं... कसं वाजतंय?"

तिनं किटली उचलली आणि बाबांच्या पेल्यात चहा ओतला... पाऊणच!