खल्फान अर्बाबच्या पिस्तुलाची पाचर

"मावशी, माझ्या जुनैदनी रविवारी कबुलीवर सही केली की तो जन्माचा अडकला!"

फोनवर मेहविश रडत होती. ही मेहविश म्हणजे प्रेमा गवाणकरांच्या नातीच्या केजीतली टीचर, मूळची रत्नागिरीकडची. शाळेच्या फाटकापाशी दोनचारदा बोलणं झालेलं, तेवढीच ओळख. पण कुणाकडून तरी तिला कळलं होतं की नातीची आजी मुंबईत पोलिसांच्या प्रयोगशाळेत बंदुका तपासायची.

प्रेमाबाईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली. निवृत्त होऊन लेकीकडे मस्कतला आल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. विचारलंच तर मेथी कुठे मिळते एवढंच. "रडणं थांबव. अडकला म्हणजे कशात?"

"त्याच्या अर्बाबच्या मृत्यूत. मालकाच्या."

संध्याकाळी मेहविश मदिनत सुलतान काबूस भागातल्या लेकीच्या घरी आली. मस्कतमधल्याच दार्सैतहून टॅक्सीने, डोळे सुजलेले. तिच्यामागे तिचा मोठा भाऊ सकलैन. उंच, नीटनेटका, अदबीने बोलणारा माणूस. मस्कतपासून लांब, इब्री गावात खल्फान अर्बाबचं इमारती सामानाचं दुकान तोच सांभाळायचा. मेहविशच्या नवऱ्याला, जुनैदला, गावाहून इकडे त्यानेच आणलेलं. तिथे जुनैद अर्बाबची गाडी चालवायचा, शेतावर राहायचा आणि त्याचं पिस्तूल साफ करायचा.

"कसलं पिस्तूल?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"जुनं अमेरिकन," सकलैन म्हणाला. "अर्बाबच्या वडिलांचं. लायसनवालं. लांबडं, चपटं, अडतीस बोरचं. त्याच्या गोळ्या आता कुठे मिळत नाहीत, बाई. अर्बाब त्याला पोरासारखं जपायचे."

"आणि ते गेले कसे?"

"मागच्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी शेतावर नेम धरायला गेले. मी पंपापाशी होतो. एक आवाज झाला. धावत गेलो तर…" सकलैनने कपाळावर हात ठेवला. "पिस्तुलाचा वरचा भाग उडून मागे आला होता. थेट डोळ्यात."

 हे पिस्तूल प्रेमाबाईंना चांगलं माहीत होतं. गोळी सुटली की त्याचा वरचा लोखंडी भाग झटक्याने मागे सरकतो. त्याला अडवायला पुढच्या बाजूला एक आडवी पाचर असते, करंगळीएवढी. ती नसली की तो भाग थांबत नाही, सुटून नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर येतो.

"पाचर नव्हती?"

"नव्हती!" सकलैन लगेच म्हणाला. "पोलिसांनी सगळी जागा चाळली. जुनैदने आदल्या दिवशी पिस्तूल खोलून साफ केलेलं. घालायची राहिली असणार. अर्बाब दहादा सांगायचे, पाचर विसरलास तर माझा जीव जाईल. आम्हा सगळ्यांना पाठ होतं ते."

"जुनैद काय म्हणतो?"

"म्हणतो, बसवली होती," मेहविश म्हणाली. "पण भाई सांगतो, कबूल कर."

"बाई, तुम्हीच सांगा ह्या वेडीला," सकलैन कळवळून म्हणाला. "नजरचूक झाली म्हटलं तर थोडी शिक्षा आणि घरी रवानगी. खलास. पाचर घातली होती म्हणत राहिला, तर पोलीस म्हणतील मग मुद्दाम काढलीस. दर शुक्रवारी मी त्याला कोठडीत डबा नेतो, दर शुक्रवारी हेच सांगतो. मला काय माझ्या बहिणीचं वाईट करायचंय?"

प्रेमाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "उद्या डबा नेशील ना? मग आम्हा दोघींनाही घेऊन चल."

लेक पूर्वा स्वयंपाकघरात कुजबुजली, "आई, परक्या देशात कशाला नाक खुपसतेस?"  प्रेमाबाईंनी टिपणं घ्यायला कोरा कागद पर्समध्ये घातला.

इब्रीच्या पोलीस ठाण्यात लेफ्टनंट सैफ भेटला. दुकानदारांकडून शिकलेली झकास हिंदी बोलायचा. तरुण, पण उर्मट नव्हता. "मदाम, तुम्ही पाहुण्या. चहा घ्या. पण केस साधी आहे. माणूस विसरला, माणूस मेला."

"साधी असेल तर मला दाखवायला हरकत काय?"

सैफ हसला आणि त्याने फोटो समोर सरकवले. पिस्तूल दोन तुकड्यांत वाळूवर पडलेलं. शेजारी गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायचा कप्पा. त्यात तीन काडतुसं, पितळेची, जुनाट पिवळी.

"रिकाम्या पुंगळ्या?"

"एकही मिळाली नाही. वाळू आहे, शेळ्या आहेत."

"आणि ही पाचर?"

"तीही नाही. कारण ती बसवलीच नव्हती."

जुनैदला आणलं. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. मेहविशकडे बघून त्याने मान खाली घातली. प्रेमाबाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"पाचर बसवलीस?"

"बसवली. ठोकून बघितली. मी दर वेळी ठोकून बघतो."

"त्या शुक्रवारी तू कुठे होतास?"

"सूकमध्ये, बाजारात. सकलैनभाईंनी मटण आणायला पाठवलं. परत आलो तर अर्बाब पडलेले आणि भाई त्यांना धरून रडत होते."

"अर्बाब नेहमी नेम धरायचे?"

"नाही हो! दोन वर्षं एक गोळी उडवली नव्हती. गोळ्याच नव्हत्या. पेटीत मोजून तीन उरलेल्या. त्या त्यांनी वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या. मला फक्त तेलपाणी करायला लावायचे. बसून बघत राहायचे बिचारे."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे पाचरच विचारतात."

सैफने कपाळाला आठी घातली. प्रेमाबाई उठल्या. "लेफ्टनंट, शेत बघायचंय. सगळ्यांनीच चला. सकलैन, तू पण."

शेत गावाबाहेर होतं. खजुराची झाडं, विहीर, मातीची बुटकी भिंत. भिंतीवर दुधाचे पाच रिकामे डबे अजून रांगेत होते. मृत्यूची जागा म्हणून पोलिसांनी दोरी बांधलेली, वाळू चाळण्यापलीकडे कुणी कशाला हात लावलेला नव्हता. भिंतीपलीकडे जुन्या गंजक्या डब्यांचा ढीग पडलेला.

प्रेमाबाईंनी एकेक डबा उचलून बुडाकडून पाहिला. मग त्या अर्बाब उभा होता तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि रिकाम्या पुंगळ्या उडतात त्या बाजूला, उजवीकडे बघू लागल्या. उजव्या बाजूला खजुराच्या झावळ्यांची चटई गुंडाळून ठेवलेली होती. त्या साडी सावरून खाली बसल्या आणि चटई उलगडून झटकली. आतून काहीतरी टणकन दगडावर पडलं.

"मेहविश, तुझा रुमाल दे गं."

रुमालात उचललेली वस्तू त्यांनी उन्हात धरली. बोटाच्या पेराएवढी पुंगळी. पांढरी, चांदीसारखी चकचकीत.

"सकलैन," त्या शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांग. तू किती आवाज ऐकलेस?"

"एक. मी सांगितलंय ना, बाई. एकच."

"नक्की?"

"कुराणाची शपथ!"

"शपथ नको रे, पुढे जड जाईल." प्रेमाबाई सैफकडे वळल्या. आवाज त्यांनी चढवला नाही, पण राग लपत नव्हता. "आता ऐका. भिंतीवर पाच डबे आहेत. चारांना भोकं आहेत आणि भोकांच्या कडा कोऱ्या आहेत, गंजाचा ठिपका नाही. डब्यांच्या बुडावर कंपनीने छापलेली तारीख बघा. ह्याच वर्षाची. अर्बाब तर दोन वर्षं पिस्तूल उडवत नव्हता. म्हणजे ही चार भोकं त्याच शुक्रवारची. बरोबर?"

सैफने डबा उचलून पाहिला. "बरोबर."

"पाचर बसवलीच नसती, तर काय झालं असतं?"

"वरचा भाग उडाला असता."

"कितव्या गोळीला?"

 सैफने भिंतीवरच्या डब्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पहिल्याच."

"पहिल्याच! पाचरीशिवाय ते पिस्तूल दुसरी गोळी उडवूच शकत नाही. इथे चार डबे फुटलेत. म्हणजे चार गोळ्यांपर्यंत पाचर जागेवर होती. जुनैदने बसवली होती, ठोकून बसवली होती. पाचव्या गोळीला ती तुटली आणि पाचवा डबा कोरा राहिला. तुटलेली पाचर इथेच वाळूत पडणार. तिला काय पाय फुटले? कुणीतरी उचलली. पुंगळ्याही उचलल्या. ही एक चटईत शिरली ती राहिली."

"पण का तुटली?" सैफने विचारलं.

"ह्याच्यामुळे." त्यांनी रुमाल पुढे केला. "अडतीसच्या दोन जातींच्या गोळ्या असतात, मापाने अगदी सारख्या. एक जुन्या पिस्तुलाची, कमी जोराची. दुसरी पुढे निघालेली, जबर जोराची. ती जुन्यात बसते, उडतेही, पण जुनं लोखंड तिला सोसत नाही. ही दुसरी. बुडावर कोरलंय, वाचा. अर्बाबच्या पिवळ्या गोळ्या तीनच होत्या आणि तिन्ही मॅगझिनमध्ये न उडवलेल्या सापडल्या. मग उडाल्या त्या कुठून आल्या? कुणीतरी नव्या आणून दिल्या. अर्बाब मेल्यावर त्याच माणसाने उरलेल्या काढल्या आणि पेटीतल्या तीन पिवळ्या आत भरल्या. तुमच्या डोळ्यांत धूळ फेकायला तेवढं पुरलं."

 विहिरीवर पंपाचा आवाज चालू होता.

"इथे दोनच माणसं होती," प्रेमाबाई म्हणाल्या. "एक मेला. जुनैदला मटणाला धाडलेलं, कारण गोळ्यांना साक्षीदार नको होता. आणि उरलेला माणूस पाच आवाजांना एक म्हणतो. एकच म्हणावं लागलं त्याला. पाच म्हटलं असतं तर पाचरीची गोष्ट टिकली नसती. पाचरीशिवाय पिस्तूल जीव घेतं, हे अर्बाबनेच त्याला दहादा शिकवलेलं. काल तू स्वतः सांगितलंस, सकलैन."

सकलैनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने मेहविशकडे पाहिलं आणि तिथेच वाळूत बसला.

"मारायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "अल्लाची शपथ, नव्हतं. गोळ्या दुबईतल्या एका शिकाऱ्याकडून आणल्या. तो म्हणाला अडतीस म्हणजे अडतीस. अर्बाब किती खूश झाले! पोरासारखे हसत होते. एकेक डबा फुटला की मला मिठी मारत होते. माझ्या बायकोला इकडे आणायच्या व्हिसाच्या अर्जावर त्याच दिवशी सही करणार होते."

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"चोरून आणलेल्या गोळ्या, त्यात अर्बाबचा जीव गेलेला. मला कोणी सोडलं असतं? जुनैद नजरचुकीवर सुटेल, वर्षभरात घरी जाईल असं वाटलं."

"पाचर कुठे आहे?" सैफने विचारलं.

"विहिरीत. पुंगळ्या, गोळ्या, सगळं."

 मेहविश भावासमोर आली.

"भाई, तू माझ्या घरी बसून रडलास. माझ्या नवऱ्यासाठी दुवा मागितलीस. मला म्हणालास, त्याला समजव, सही करायला सांग." तिचा आवाज फाटला. "आणि मी समजवायला निघाले होते रे! माझ्या तोंडून त्याला गुन्हेगार करणार होतास!"

"मेहू, मी दर शुक्रवारी त्याला डबा…"

"नाव घेऊ नकोस त्या डब्याचं!"

प्रेमाबाईंनी तिला जवळ घेतलं. आयुष्यभर त्यांनी अहवाल लिहून पाठवले होते. त्यानंतर कुणाचं घर कसं मोडतं ते बघायला त्या कधी थांबल्या नव्हत्या. आज बघावं लागलं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

विहीर उपसल्यावर गाळात पाचर सापडली, दोन तुकडे झालेली. जुनैद सुटला. सकलैन आत गेला.

पुढच्या शुक्रवारी प्रेमाबाई दार्सैतला मेहविशच्या खोलीवर गेल्या. आत नवराबायकोचं जुंपलं होतं. ओट्यावर तोच स्टीलचा डबा, नुकताच भरलेला. वर पोळ्यांचं पुडकं.

"मावशी, ह्याला सांगा!" मेहविश कडाडली. "इब्रीला निघालाय. भाईला डबा न्यायला! ज्याने ह्याला सडवलं त्याला! गावाकडे आई फोनवर मलाच बोलते, भावाला तुरुंगात घातलंस म्हणून. आणि हा बघा, संत व्हायला निघालाय!"

"संतबिंत काही नाही," जुनैद म्हणाला. तो डब्याच्या कड्या लावत होता. तुरुंगातून आल्यापासून तो फार कमी बोलायचा.

"मग कशाला चाललास?" प्रेमाबाईंनी विचारलं. "माफ केलंस त्याला?"

"नाही." त्याने डबा पिशवीत घातला. "मी आत होतो तेव्हा त्याने आणलेलं जेवलो, मावशी. हात जोडून जेवलो. डबा आणणाराच मला अडकवतोय हे मला ठाऊक नव्हतं. त्याला मात्र डबा कोणाकडून येतोय ते ठाऊक असू दे."

तो चपला घालून निघाला. मेहविशने त्याला अडवलं नाही. प्रेमाबाईंनी गॅसची शेगडी पुसायला घेतली, कारण दुसरं काय करावं हे त्यांना सुचेना.