तिला कुठं कन्नड कळतंय!

“सोलापुरात काय हाय ओ बघण्यासारखं? ऊन, धूळ आन् शेंगाचटणी!”

भुईकोट किल्ल्याच्या दारात उभ्या असलेल्या ऋतुजाने हे ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. आठवडाभर ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची, आणि रविवारी सकाळी हौसेने लोकांना आपलं शहर चालत दाखवायची. तीन रविवार, तीन ठिकाणं. त्यात पहिल्याच सकाळी हे स्वागत!

बोलणारा एका क्रूझरच्या दाराला टेकून उभा होता. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाडीतून इरकल नेसलेल्या सात बायका एकमेकींचा हात धरत उतरत होत्या.

“शेंगाचटणी तरी आवडते ना?” ऋतुजाने विचारलं.

“लई!”

“मग तेवढ्यासाठी तरी सोलापूरला नावं ठेवू नका.”

तो हसला. हसताना त्याने मान थोडी खाली घातली, आणि ते नेमकं ऋतुजाच्या लक्षात राहिलं. त्याचं नाव श्रीशैल. सीमेवरच्या दुधनी गावात वडिलांचं आडत दुकान होतं. त्याच्या शिवम्मा आत्याचं भजनी मंडळ शहर बघायला निघालं होतं, आणि त्यांना सोडून तो मार्केट यार्डात जाणार होता.

पण ऋतुजाने सुरुवात केली, “ही दुहेरी तटबंदी, हा खंदक…” आणि साती बायका तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांचा सगळा संसार कन्नडमध्ये झालेला. बाजारापुरतं मराठी येत होतं, पण तटबंदी आणि खंदक त्यांच्या कुठल्याच बाजारात मिळत नव्हते.

“एनंताळ?” शिवम्मा आत्याने भाच्याला विचारलं. काय म्हणते ही?

श्रीशैलने घड्याळ बघितलं, ऋतुजाकडे बघितलं आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. “मी सांगू का कन्नडमध्ये? तुमी बोला, मी मागनं सांगतो.”

आता इथे एक गोष्ट वाचकांना सांगून टाकायला हवी. ऋतुजाचे वडील शहाजी मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं सोडून एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागलेले. आई-वडील दोघंही पाळीला गेले की लहानगी ऋतुजा शेजारच्या सिद्धेश्वरी काकूंच्या घरी वाढली, आणि काकूंच्या घरात कन्नडशिवाय दुसरा शब्द नव्हता. कळायचं तिला सगळं. बोलायला मात्र जीभ वळायची नाही. सोलापुरात अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात, आणि सोलापूरजवळच्या माणसाने हे ओळखायला हवं होतं. पण तिचं ते स्वच्छ, घोटीव मराठी ऐकून श्रीशैल फसला.

तर ऋतुजा म्हणाली, “एक तट शत्रूने जिंकला, तरी दुसरा उभाच असायचा.”

श्रीशैल कन्नडमध्ये सांगू लागला. (आपण ते मराठीतच ऐकू.) “आत्या, ती म्हणते दोन भिंती आहेत. आणि मी म्हणतो, तिचे हात बघ. असे फिरवते, की पडलेली भिंतसुद्धा उभी राहिल्यासारखी वाटते.”

बायका पदराआड हसल्या. ऋतुजाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आत्ताच सांगावं का याला… ‘मला कळतंय’ म्हणून? तिने तोंड उघडलं, आणि पुढच्या बुरुजाची माहिती सांगितली. खरं सांगायचं तर तिला अजून ऐकायचं होतं.

“मी बरोबर सांगतोय न्हवं?” त्याने साळसूदपणे विचारलं.

“मला काय कळतंय? तुमचं भाषांतर जरा लांब होतंय, एवढंच.”

“कन्नडमध्ये शब्द जास्त लागतेत की!”

दुसऱ्या रविवारी मार्केट यार्डाचं नावही त्याने काढलं नाही. सिद्धेश्वर तलावावर कोवळं ऊन पडलं होतं, पाण्यातल्या मंदिराकडे जाणारी वाट अजून थंड होती. हा तलाव बाराव्या शतकात माणसांनी श्रमदानाने खणला, हे सांगताना ऋतुजाचे डोळे नेहमी भरून यायचे. त्या दिवशीही आले.

“तुमी दर वेळी रडता का हितं?” त्याने हळूच विचारलं.

“रडत नाही. डोळ्यांत… ऊन जातंय.”

तो दोन पावलं सरकला आणि तिच्या तोंडावरच्या उन्हात उभा राहिला. पुढची पंधरा मिनिटं तो तिथून हलला नाही, आणि आत्याला कन्नडमध्ये म्हणाला, “तीस वर्षं येतोय मी इथे. दर्शन घ्यायचं, चप्पल शोधायची, निघायचं. या पोरीने पहिल्यांदा मला तलाव दाखवला. हिच्याबरोबर आख्खा जन्म चालायला लावलं तरी माझे पाय दुखणार नाहीत.”

“मग विचार की तिला!” आत्या म्हणाली.

“काय विचारू? कुठं ती, कुठं दुधनीची आडत. नुसतं हसेल माझ्यावर.”

“तसं असेल तर गप बस. पुढच्या रविवारी अकरा वाजता सात रस्ता चौकात वैजयंतीला बघायला तिच्या घरी जायचंय. मुलगी चांगली आहे, आपल्यातली आहे. तुझ्या अप्पांनी होकार दिलाय. तू आलास की सुपारीच फुटणार.”

ऋतुजा पायरी चुकली. श्रीशैलने चटकन कोपराला धरून सावरलं आणि लगेच हात काढून घेतला, चटका बसावा तसा.

“लागलं का?”

“नाही,” ती म्हणाली. लागलं होतं, पण पायाला नाही.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. नकाशात जिना काढायला विसरली. सांगावं, तर दोन रविवार चोरून ऐकलं हे कबूल करावं लागणार. तो म्हणेल, माझी गंमत बघत होतीस. आणि गप्प राहावं, तर तो अकराला सात रस्त्याला जाणार, आणि संपलं. प्रेम-बिम आपल्याला व्हायचं नाही असं मैत्रिणींना ठासून सांगणारी ऋतुजा रात्रीची भाकरी तशीच ठेवून उठू लागली. ती त्याच्या प्रेमात पडली होती, नाकापर्यंत.

तिसऱ्या रविवारी सगळे इंद्रभवनासमोर जमले. श्रीशैलच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. तो शर्ट कुणासाठी, हे ऋतुजाला माहीत होतं.

“आज इथे महापालिकेचं काम चालतं,” ती सांगू लागली, “पण एका सोलापूरकराने हे राहायला बांधलं होतं. ते सज्जे बघा, त्या कमानी बघा. एखाद्याचं आपल्या गावावर किती प्रेम असावं…”

श्रीशैलने भाषांतर केलं. शब्दाला शब्द. वर एक अक्षर नाही. ती पुढचं वाक्य बोलली, त्याने तेवढंच सांगितलं. इतकं चोख काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि ऋतुजाला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं.

आत्याच्याही ते ध्यानात आलं. “आज मुका झालास होय रे?”

“काय बोलू?” तो सज्ज्याकडे बघत कन्नडमध्ये म्हणाला. “तिला कुठं कन्नड कळतंय, म्हणून तर एवढं बोलायचं धाडस केलं. तिच्या भाषेत यातला एक शब्द निघाला नाही माझ्या तोंडून. चल, अकरा वाजत आले.”

वॉक संपला. बायकांनी ऋतुजाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि गाडीत बसल्या. श्रीशैल समोर आला, मान थोडी खाली घालून हसला. “येतो मग. सोलापूरला परत न्हाय नावं ठेवणार.”

तो वळला. चार पावलं, पाच… गाडीचं दार उघडलं.

“होगब्याड्री!”

जाऊ नका. ऋतुजाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा सबंध कन्नड शब्द बाहेर पडला होता, आणि तोही एवढ्या मोठ्याने, की महापालिकेचा पहारेकरीसुद्धा उठून उभा राहिला.

श्रीशैलच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “तुमाला… कन्नड?”

“कळतं. बोलायला येत नाही.”

“कधीपासनं?”

“लहानपणापासून.”

“म्हंजे ते… भिंतींचं? हातांचं?”

“पाय दुखणार नाहीत तेसुद्धा. चुकलं माझं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबला असता… आणि मला ते चालणार नव्हतं.”

क्रूझरमध्ये सात बायकांनी एकदम श्वास घेतला. शिवम्मा आत्या खाली उतरली. ऋतुजाला वाटलं, आता खैर नाही. आत्याने तिला नीट न्याहाळलं. “आमच्यातली न्हाईस की गं तू?”

“न्हाय. आमी धनगर.”

“दुधनीत लई बोलतेल लोक,” आत्या तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. मग भाच्याकडे वळली. “वैजयंतीकडं मी जाती. त्या पोरीला उगं वाट बघाय लावायची न्हाय, माफी मी मागती. पण तुज्या अप्पाला तू सांगायचं. आत्ता, हितं.”

श्रीशैलने फोन लावला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि स्पीकर चालू झाला, तो बंदच होईना.

“अप्पा, मी सात रस्त्याला जाणार नाही,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “मला एक मुलगी आवडलीय. आपल्यातली नाही. पण लग्न करीन तर तिच्याशीच.”

 पलीकडे आडतीवरच्या हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग अप्पांचा जड आवाज आला, “तू ठरवलंस ते कळलं. त्या मुलीला विचारलंस का?”

श्रीशैलने फोन कानाजवळून खाली आणला. पहिल्यांदाच तो तिच्या डोळ्यांत सरळ बघत होता, आणि पहिल्यांदाच मनातलं मराठीत बोलत होता. “ऋतुजा… माझं लई प्रेम हाय तुमच्यावर. कराल का लग्न माझ्याशी?”

ऋतुजाचं ते घोटीव मराठी कुठल्या कुठे गेलं. तिच्या घरात, तिच्या आईच्या तोंडी असलेला एकच शब्द वर आला.

“व्हय.”

फोनमधून खाकरल्याचा आवाज आला. “ऐकलं मी,” अप्पा म्हणाले. “मला पटायला वेळ लागेल, सांगून ठेवतो. पण तिला उन्हात उभी करू नकोस. दोघं जेवायला घरी या.”